सगळ्यात भारी कोण, हे ठरू नये म्हणून

ऐका. साताऱ्यात गोडोलीच्या चढावर एक आई राहते, ती मी. आईला एक लेक, मिलिंद, टॅक्सीवाला. लेकाला दोन दोस्त. एक मिरजेचे इसाकभाई, लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवणारे. दुसरे सांगलीचे बर्वे सर, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. आणि या तिघांच्या तीन लाडक्या पार्ट्या, तिन्ही विलायतेच्या, सत्तर सालाच्या अल्याडपल्याडच्या. त्या गाण्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, हे मला बर्वे सरांनी शिकवलं. बँडची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी आपली माझी नावं ठेवलीत. इसाकभाईंचे ते बासरीवाले. बर्वे सरांचे पेटीवाले, कारण त्यांच्यात एकच माणूस दहा पेट्या वाजवल्यासारखा वाजवतो. आणि आमच्या मिलिंदचे ते धुकंवाले. ते का, सांगते पुढं.

तर दर रविवारी हे तिघं माझ्या घरात बसून एकाच गोष्टीवर भांडतात: तिघांत सगळ्यात भारी कोण?

असल्या घरात किस्से काय कुणी ठरवून साठवत नाही. मसाल्याच्या डब्याच्या तळाला मोहरी-जिरं जमतं तसे ते जमतात. डबा पालथा केला की मूठभर निघतात.

पण आधी एक सांगून ठेवते, म्हणजे मी या भांडणात एवढा जीव का अडकवला ते कळंल. मिलिंदची बायको सुजाता गेली, त्याला तिसरं वर्ष लागलंय. तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून माझं पोरगं गप्प झालं. "जेवलास का?" "हूं." "गाडी आज कुठं?" "वाई." संपलं. एका रविवारीच त्याचं तोंड उघडायचं, ते या दोघांशी भांडताना. म्हणून मी मनात म्हणायची, सगळ्यात भारी कोण हे कधी ठरू नये. ज्या दिवशी ठरेल, त्या दिवशी भांडण संपलं. भांडण संपलं की रविवार संपला. आणि रविवार संपला की माझा लेक मुका.

*

रेकॉर्डी घरात आल्या तेव्हा सुजाता होती. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत गाणं शिकवणारे साहेब कायमचे विलायतेला निघाले होते. मिलिंदनं त्यांना पुण्याला विमानापर्यंत सोडलं. सामानाचं वजन जास्त भरलं, तेव्हा साहेबांनी एक ट्रंक उचलून परत टॅक्सीत ठेवली आणि म्हणाले, ही तुला.

आम्ही दोघी सासू-सुना खूश. विलायती कपबश्या असणार. सुजातानं गुंडाळायला जुनी लुगडीसुद्धा काढून ठेवली. ट्रंक उघडली तर आत नुसते काळे तवे.

सुजाता म्हणाली, "आत्याबाई, तवे लय झाले. आता भाजायचं काय?"

मिलिंदनं जुन्या बाजारातून एक प्लेअर आणला. त्याचा पट्टा तुटलेला होता. यानं सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून चढवली, आणि फिरायला लागला. मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते.

पहिल्यांदा वाजला तो वारा. नुसता वारा. मग त्यात लांबून काहीतरी आलं, तार म्हणावी तर तार नाही, घंटा म्हणावी तर घंटा नाही. पाचगणीला पावसाळ्यात दरीतून धुकं वर येतं ना, आधी झाडाचा बुंधा जातो, मग फांद्या, मग आपला आपल्याला हात दिसत नाही, तसं ते माझ्या खोलीत भरलं. अंगावर काटा आला. हातातला खडा तांदळातच राहिला.

मी मिलिंदला विचारलं, "गाणारा कवा यायचा?"

"यील की, आये. त्याला काय घाई हाय?"

सुपातले तांदूळ निवडून झाले. मी परत एकदा निवडले. मग कुठं तो माणूस आला, चार ओळी म्हणाला, आणि गेला.

"एवढंच म्हणायचं हुतं, तर मग एवढी वाट कशाला बघायला लावली?"

मिलिंद म्हणाला, "आये, ती वाटच गाणं हाय."

*

इसाकभाईंची गाठ घाटात पडली. त्यांच्या बँडची गाडी पाचगणीला बंद पडली आणि वाईला लग्न. पोरं एसटीनं पुढं गेली, इसाकभाई क्लॅरनेट मांडीवर घेऊन मिलिंदच्या टॅक्सीत बसले. मिलिंदनं घरच्या प्लेअरवरून पेनड्राइव्हवर उतरवलेलं गाणं लावलं होतं. पसरणी घाटाच्या मध्यात त्यात बासरी सुरू झाली.

इसाकभाई म्हणाले, "गाडी थांबवा."

मिलिंदला वाटलं, यांना मळमळतंय. गाडी कडेला घेतली. इसाकभाई खाली उतरलेच नाहीत. डोळे मिटून तसेच बसले. गाणं संपलं तेव्हा म्हणाले, "परत लावा."

तिकडं वाईत नवरा घोड्यावर बसलेला. नवऱ्याच्या बापाचा फोन आला, "मास्तर, कुठं हाय तुमी? मुहूर्त टळायला लागला."

"घाटात दरड कोसळलीया, पाव्हणं."

"आता उन्हाळ्यात?"

इसाकभाई म्हणाले, "व्हय ना. आमाला बी आश्चर्यच वाटलं."

आणि बर्वे सरांचं तर काय, ते मिरजेला इसाकभाईंच्या शेजारी एका लग्नाला गेले होते. जेवताना पंगतीत इसाकभाई बासरीवाल्यांचं कौतुक करत होते. सरांनी हातातली जिलबी ताटात ठेवली आणि म्हणाले, "माफ करा, पण पेटीवाल्यांपुढं ते काहीच नाहीत." पोरगा असताना पुण्याच्या होस्टेलात त्यांनी हे सगळं टेपवर ऐकलेलं. पुढच्याच रविवारी दोघं मिरजेच्या गाडीनं साताऱ्यात. माहुली स्टेशनवरून रिक्षानं घरापर्यंत भांडत आले. रिक्षावाला मला म्हणाला, "आजी, ह्यांच्यात जमिनीची केस हाय का?"

*

यांच्यात एक रीत आहे. रेकॉर्डची एक बाजू सुरू झाली की संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बोलला की पुढच्या रविवारचं भडंग त्यानं आणायचं. बर्वे सरांना एकदा शिंक आली तर शिंक म्हणजे बोलणं की काय, यावर दिवेलागणीपर्यंत वाद चालला. शेवटी ठरलं की शिंक माफ, पण नंतरचं "अरे देवा" माफ नाही.

सुजाता गेल्यानंतरची गोष्ट. बाजू सुरू होती आणि गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात आला. "गॅस" म्हणून ओरडला. कुणी हूं का चूं नाही. तिघं माना खाली घालून बसलेले. मी ओठांवर बोट ठेवलं.

त्यानं आत बघितलं. भिंतीवर सुजाताच्या फोटोला हार. बिचाऱ्यानं सिलिंडर हळूच टेकवला, चपला काढल्या, टोपी काढली, आणि येऊन सतरंजीच्या कडेला मान खाली घालून बसला. असा बसला की काय सांगू! मधून मधून डोळे पुसत होता.

बाजू संपली. तो हलक्या आवाजात बर्वे सरांना म्हणाला, "कोण गेलं, साहेब?"

सरांच्या डोक्यात अजून गाणंच. ते म्हणाले, "पेटीवाला गेला. पुढच्या रेकॉर्डवर नाही तो."

"अरारा. काय झालं हुतं?"

"बाकीच्यांशी पटेना."

गॅसवाला उठला, मिलिंदच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "घरोघरी त्येच चाललंय, दादा."

त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा मिलिंदच्या ओठांचा कोपरा हलला. मी बघितला. हसू नव्हतं ते, पण हसू जिथनं निघतं तिथलं काहीतरी होतं.

*

इसाकभाईंनी एकदा सांगलीच्या एका वरातीत बासरीवाल्यांचं गाणं वाजवलं. महिनाभर पोरांना घासून बसवलेलं. आता त्या गाण्याचा हिशेब सात मात्रांचा. आपली पोरं नाचतात ती चारावर. इसाकभाईंनी फुंक मारली, ढोल सुरू झाला, आणि नवऱ्याच्या दोस्तांनी पाय उचलला. उचलला तो वरच. खाली कुठं टेकवायचा ते कुणाला कळेना. एकानं फेटा सांभाळला, दुसऱ्यानं पहिल्याला धरलं, एक जण म्हणाला, "थांब रं, मधला कुठंतरी गळतूय." दोन चौक जाईपर्यंत सगळे नुसते चालायला लागले. घोडा तेवढा मजेत होता.

नाचायला कुणी थांबेना, म्हणून वरात सरळ चालत कार्यालयात पोहोचली. भटजी अजून चहा पीत होते. घड्याळ बघून म्हणाले, "एवढं आयुष्य गेलं, मुहूर्ताआधी दारात आलेला नवरा आज बघितला."

आता मुलीकडची माणसं इसाकभाईंना मुद्दाम फोन करून सांगतात, "मास्तर, ते न नाचायचं वाजवा."

*

आता वाईट रविवार.

हे तिघं फोनवर गाणं ऐकत नाहीत. त्यांच्या मतानं फोनवर गाणं ऐकणं म्हणजे भजीच्या गाडीवरचा वास घेऊन पोट भरलं म्हणणं. पण त्या दिवशी बर्वे सरांचा पुतण्या पुण्याहून आला होता, त्याला हे काय माहीत? मिलिंदनं तवा लावला तसं त्यानं हौसेनं फोनवर तेच गाणं लावलं. "काका, बघा, माझ्याकडं पण आहे."

दोन्हीकडं वारा सुरू झाला. जरा वेळ बरोबर चाललं. मग फोन पुढं गेला. फोनमधला माणूस येऊन गाऊन गेलासुद्धा, तरी आमच्या तव्यावर अजून वाराच वाहत होता.

मिलिंद उठला, त्यानं प्लेअरचं झाकण काढलं, सायकलच्या ट्यूबचा तो पट्टा बोटानं ओढून बघितला. गेली कितीतरी वर्षं सगळं हळू वाजत होतं. सगळं. बासरीवाले, पेटीवाले, धुकंवाले, सगळे.

इसाकभाई म्हणाले, "मला सूर खालचा वाटायचा. मी म्हटलं, विलायतेत थंडी असती, लावत असतील खाली."

बर्वे सर म्हणाले, "होस्टेलात एवढं संथ नव्हतं, हे मला आठवायचं. मला वाटलं, माझंच वय झालं." मग चष्मा काढून बसले. "मिलिंद, म्हणजे एवढी वर्षं आपण भांडलो ते कुणाबद्दल? जगात असे बँडच नाहीत. हे आपल्याच घरात होते."

मला तर उलट नवल वाटलं. केवढी मोठी गोष्ट. आख्ख्या दुनियेत कुणी ऐकले नाहीत असे तीन बँड गोडोलीच्या चढावर वाजत होते, ते पण सायकलच्या ट्यूबवर! पण त्या तिघांची तोंडं अशी उतरलेली, की मी बोलले नाही.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या पण नाही. मिलिंदनं प्लेअर ट्रंकेवर ठेवला, वर चादर टाकली. "जेवलास का?" "हूं."

*

मग मी फोन उचलला. आधी इसाकभाईंना लावला.

"जयभीम, आई. बऱ्या हाय का?"

"बरी हाय. ऐकलं ते खरं का रं इसाक? बर्वे सर म्हणत्यात, तू हार मानलीस. पेटीवालेच भारी, असं तू कबूल केलंस म्हणं."

"कोण म्हणतं? सर म्हणतात? मी कबूल केलं?"

"मला काय बाबा, मी अडाणी. कानावर आलं ते सांगितलं."

ठेवला. मग सरांना लावला. "सर, ते इसाकभाई म्हणत्यात, बर्व्यांनी माघार घेतली."

"मावशी," सर एकदम शांत आवाजात म्हणाले, "उद्या पहिली गाडी किती वाजता आहे?"

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी सकाळी माझ्या दारात दोघं. एकमेकांकडं बघेनात. मिलिंद गाडी पुसत होता, फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिला.

इसाकभाई म्हणाले, "मिलिंद, तूच सांग. सूर खाली असो नाहीतर वर, बासरी ती बासरी का न्हाई?"

सर म्हणाले, "आणि वेग कमी होता तर तो तिघांचाही कमी होता. म्हणजे तुलना चुकलेली नाही. हे साधं फिजिक्स आहे."

मिलिंदनं फडकं बॉनेटवर ठेवलं. मग म्हणाला, "न्हाई सर. परत ऐकाय पायजे. बरोबर चालीत. पयल्यापासनं सगळं."

एवढं लांब वाक्य मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. आत जाऊन चहा टाकला आणि पदरानं तोंड पुसून घेतलं.

*

आता बरोबर चालणारा प्लेअर पाहिजे. मिलिंदला आठवलं, साहेब विलायतेला निघाले तेव्हा त्यांनी स्वतःचा प्लेअर बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हातात दिला होता. मिलिंद पाचगणीला जाऊन शोधून आला. बाई वारलेल्या. त्यांची लेक रेखा होती, शाळेच्याच मेसमध्ये काम करणारी. आईच्या दुखण्यात तिचं लग्न राहून गेलेलं. प्लेअर होता. चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलेला, नव्यासारखा. पण तिच्याकडं एकही रेकॉर्ड नव्हती. लहानपणापासून साहेबांच्या बंगल्यात ऐकलेलं सगळं, आणि साहेब गेल्यापासून काहीच नाही.

मिलिंद म्हणाला, "विकत देता का?"

ती म्हणाली, "न्हाई. ऐकायचं असंल तर रेकॉर्डी घिऊन हितं या."

रविवारी आम्ही सगळे ट्रंक घेऊन पाचगणीला. माझ्या मनात नुसती धाकधूक. आज बरोबर चालीत वाजणार, आज कोण भारी ते एकदाचं ठरणार, आणि मग काय?

रेखानं तवा फडक्यानं पुसला, सुई टेकवली. वारा आला. खिडकीतून खरं धुकं पण येत होतं, त्यामुळं कुठलं कशातलं ते कळेना. मग ती तार, आणि मग तो गायला. मी तांदूळ निवडत असते तर एक सूपसुद्धा झालं नसतं. पण तेवढ्यातसुद्धा काय होतं ते! हळू वाजायचं तेव्हा ते लांब होतं, आता ते दारात येऊन उभं राहिलं. मग बासरीवाले लागले, मग पेटीवाले. इसाकभाई रडत होते. बर्वे सरांनी त्यांच्या हातात स्वतःचा रुमाल दिला.

सगळं वाजून झालं. सर उठून उभे राहिले, कोर्टात राहतात तसे. म्हणाले, "प्रामाणिकपणे बोलायचं तर आता शंका राहिली नाही. मिलिंद, तुझेच. तुझे धुकंवालेच."

इसाकभाईंनी मान हलवली. "व्हय. मानलं."

झालं. ठरलं. मिलिंद जिंकला होता आणि त्याचा चेहरा असा, जसं घरातलं कुणी पुन्हा एकदा गेलं. तो रेकॉर्डी पाकिटात घालायला लागला, एक शब्द न बोलता.

तेव्हा रेखा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ह्ये तिघं कसलं भारी? त्यो चौथा ऐकलाय का तुमी?"

तिघांच्या माना वळल्या.

"कोण चौथा?" सर म्हणाले.

"नाव मला वाचता यायचं न्हाई तवा. पाकिटावर बर्फात एक होडी, आन् होडीत एक रिकामी खुर्ची. साहेबांचा सगळ्यात लाडका. ती एकच रेकॉर्ड साहेब संगं घिऊन गेलं."

मिलिंद म्हणाला, "आसं पाकीट मी कवा बघितलं न्हाई."

"मंग तुमी काय बघितलं?"

"धुकंवाल्यांपेक्षा भारी?"

"लय."

"शक्यच न्हाई."

"तुमी ऐकलंच न्हाई, तर तुमाला काय कळणार?"

मिलिंदनं रेकॉर्डी खाली ठेवल्या. "त्यात काय हाय एवढं? बासरी? पेटी? म्हणून दावा बघू कसं हाय ते."

आणि तो भांडायला लागला. ती परकरी पोर असताना ऐकलेलं गुणगुणायची, हा मधेच तोडायचा, ती म्हणायची, गप ऐका, हा म्हणायचा, हे तर कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय, ती म्हणायची, वाटणारच, सगळ्यांनी त्यांचंच उचललंय. चहा निवला. परत केला, तो पण निवला. अंधार पडायला लागला तेव्हा बर्वे सर मला हळूच म्हणाले, "मावशी, शेवटची गाडी गेली आमची." मी म्हटलं, "जाऊ द्या, सर."

*

मिलिंद-रेखाचं लग्न विहारात झालं, साधंच. इसाकभाईंनी वाजवलं, आणि कुणी नाचलं नाही. आता घरात प्लेअर आहे, ट्रंक आहे, आणि रविवारी चार पक्ष आहेत. मिलिंद आता सोमवारी पण बोलतो. मंगळवारी पण. परवा जेवताना एवढा बोलत होता, की मीच म्हटलं, जेव की रं आता.

बर्वे सरांनी तो चौथा बँड फोनवर शोधला. पुतण्याला शोधायला लावला. इसाकभाईंनी मुंबईच्या जुन्या रेकॉर्डवाल्यांना विचारलं. बर्फ, होडी, रिकामी खुर्ची. असा बँड कुठं कुणाला सापडेना.

काल रेखा भाकरी थापत होती. घरात आम्ही दोघीच. मी म्हटलं, "रेखा, मला तरी सांग. खरंच हाय का गं त्यो बँड?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "वाईच गॅस बारीक करा."